आगमनकाळ: नववीच्या मुलाला ‘आशा’ कशी सांगू?

पापडीची_टीचर:
नमस्कार मंडळी. आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) नववीचा धर्मशिक्षणाचा वर्ग माझ्याकडे आहे. येत्या रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, पहिली जांभळी मेणबत्ती, आशेची. तिच्यावर थोडं बोलायचं असतं, दरवर्षी बोलतेच. यंदा एका मुलाने आधीच गाठलं. गेल्या नाताळाआधी त्याचे पप्पा आजारी होते, सगळ्या वर्गाने त्यांच्यासाठी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) केली. जानेवारीत ते गेले. परवा म्हणतो, “टीचर, गेल्या वर्षीपण आशाच होती ना?” रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. ‘देवाची योजना’ वगैरे त्याच्या तोंडावर मला म्हणवत नाही. काय सांगू? (घरात नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी नाचणी कधी पेरायची याची घाई, आणि माझं डोकं इथेच अडकलंय.)

निर्मळचा_म्हातारा:
टीचर, आशा-शांती-आनंद-प्रेम ही चार मेणबत्त्यांची नावं मिस्साग्रंथात (चर्चमधल्या उपासनेच्या पुस्तकात) कुठेही नाहीत. तेव्हा तेच धरून बसायची सक्ती नाही, सरळ वाचनं उघडा. पहिल्या रविवारी बाळ येशूचा पत्ताच नाही. वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं यंदा ‘अ’ वर्ष, म्हणून मत्तयच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय: नोहाचा पूर आणि ‘जागे राहा’. सोबत यशया संदेष्ट्याचा २रा अध्याय, तरवारी मोडून फाळ करण्याचं. ख्रिस्तपूर्व ८व्या शतकातलं वचन, अजून घडायचंय, तरी आपण वाचतोच आहोत.

पण तुमच्या मुलासाठी तिसरा रविवार बघा. गुलाबी मेणबत्ती, नाव आनंदाचा रविवार, आणि शुभवर्तमान तुरुंगातलं! मत्तय ११. ज्याने येशूला बाप्तिस्मा दिला तोच योहान कोठडीतून विचारायला पाठवतो, जो येणार तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू? येशू त्याला रागे भरत नाही. आंधळे बघतात, लंगडे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता मिळते, एवढा निरोप देतो. हे शब्द यशयाच्या वळणाचे. यशयाच्या ६१व्या अध्यायात गरिबांच्या सुवार्तेला लागूनच बंदिवानांच्या सुटकेचं वचन आहे. योहानाच्या निरोपात नेमकं तेवढंच नाही. कैदेत बसलेल्या माणसाला ते कळलं नसेल का? पुढे हेरोदाने त्याचं शिर तबकात दिलं. आणि ज्याने शंका विचारली त्याच्याचबद्दल येशू लोकांना सांगतो, स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही.

हे वर्गात वाचा. पोराला निदान कळेल, त्याचा प्रश्न देवळाबाहेरचा नाही.

नगरकर_काका:
आम्ही प्रॉटेस्टंट, पण राहवलं नाही. बोनहोफर नावाचे जर्मन पाळक हिटलरच्या कैदेत होते. नोव्हेंबर १९४३ मध्ये बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्यांनी मित्राला लिहिलं, की ही कोठडी आगमनकाळासारखीच आहे: माणूस वाट बघतो, काहीबाही करत राहतो, पण दार फक्त बाहेरून उघडतं. त्यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गला फाशी दिलं, आणि दोनच आठवड्यांनी अमेरिकन फौज तिथे पोचली. नववीच्या पोरांना हे झेपतं. आपण उगाच त्यांना साखर घालून देतो.

डोंबिवली_फास्ट:
सर, काका, सगळं मान्य. पण बरं होणार नाही, सुटका होणार नाही, मग उरलं काय? मुलगा हेच विचारेल.

निर्मळचा_म्हातारा:
‘मेलेले उठतात’ हे उरलं. पप्पा बरे व्हावेत म्हणून केलेली रोझरी खरी होती, ती मागे घ्यायची नाही. पण आगमनकाळ वाट बघतो ती ख्रिस्ताच्या दुसऱ्या येण्याची. गोठा, तारे, करंज्या त्यानंतर. तो येईल तेव्हा पप्पांनाही उठवील, असं दर रविवारी आपण उभं राहून श्रद्धेच्या कबुलीत म्हणतो. पटतं की नाही ते मुलाला ठरवू द्या. त्याच्याकडून लगेच होकार काढू नका.

पापडीची_टीचर:
सर, मनापासून आभार. मत्तय ११च घेते. एकच शंका: तिसऱ्या रविवारचं वाचन पहिल्या रविवारी घेतलं तर फादर ओरडतील का?

निर्मळचा_म्हातारा:
वर्गात कोण विचारतंय? मिस्सात बदलू नका म्हणजे झालं. आणि त्या मुलाला आधी एकट्याला गाठून सांगा, काय वाचणार आहात ते.