दिवाळीच्या भेटकथांपैकी आधी कोणत्या वाचाव्यात?

पूर्णा जंक्शन, परभणी

सर्वांना नमस्कार. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपल्या गटातील सदस्यांनी एकमेकांसाठी गुपचूप लिहिलेल्या भेटकथांचा संग्रह उघडला, त्याला आज आठवडा झाला. यंदा २७ कथा आल्या आहेत आणि माझ्या जेमतेम ६ वाचून झाल्या. दिवाळीचे पाहुणे आणि कापसाची वेचणी यांतून रात्री जो तासभर मिळतो त्यात एकच कथा होते. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी लेखकांची नावे जाहीर होतील. एकदा नावे कळली की वाचन पहिल्यासारखे राहत नाही, निदान माझे तरी राहत नाही. ओळखीच्या माणसाची कथा मी नकळत सांभाळून घेतो. म्हणून त्याआधीच्या रात्रींसाठी चार-पाच कथा सुचवाव्यात, ही विनंती.

गटात यंदा बरेच नवे सदस्य आले आहेत, म्हणून थोडे स्पष्ट करतो. ही पद्धत मूळची आपली नव्हे. इंग्रजीत युलटाइड नावाची फॅन फिक्शनची (आवडत्या कृतींतील पात्रे आणि प्रसंग घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची) देवाणघेवाण २००३ पासून दर नाताळात होते आणि ज्यांच्यावर फारसे कोणी लिहीत नाही अशा मूळ कृतींसाठीच ती राखलेली आहे. आपल्याला काय वाचायला आवडेल आणि काय मुळीच नको, हे प्रत्येकाने पत्रात लिहायचे. ते पत्र कोणाच्या तरी वाट्याला जायचे आणि त्याने किमान १००० शब्दांची कथा गुपचूप लिहून द्यायची. कथा २५ डिसेंबरला उघडतात, लेखकांची नावे १ जानेवारीला. २००९ पासून तो संग्रह ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळावर असतो. आपण नियम तेच ठेवले आणि नाताळाच्या जागी दिवाळी, नववर्षाच्या जागी तुळशीचे लग्न आणले.

तसे पाहिले तर दिवाळीत वाचण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही; १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून फराळाबरोबर अंक लागतोच. मात्र दिवाळी अंकातील कथा कोणीही वाचावी म्हणून लिहिलेली असते आणि भेटकथा कोणा एकाने मागितली म्हणून लिहिलेली असते. त्यामुळे शिफारस करताना मागणी काय होती आणि लेखकाने ती कशी पुरवली, हे कृपया सांगावे. मागील वर्षी नुसते “अप्रतिम” असे लिहिलेल्या शिफारशी वाचून मला काहीच निवडता आले नव्हते. मूळ कृती ठाऊक नसली तरी समजेल अशी कथा असल्यास उत्तम. एखादी आजीला मोठ्याने वाचून दाखवता आली तर आणखी उत्तम. तिचे वय ८४ आहे आणि कंटाळा आला की ती तसे स्पष्ट सांगते.

तगर, तेर

आपण १४ क्रमांकाच्या कथेपासून सुरुवात करावी. तिची मागणी मोठी चमत्कारिक होती: “मला गुणाढ्याची गोष्ट हवी आहे, पण गुणाढ्य समोर दिसायला नको.” मूळ गोष्ट अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात सांगितली आहे आणि ती आपल्याच पैठणची, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानची आहे, तरी मराठवाड्यातील पुष्कळांना ती ठाऊक नसते, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. जलक्रीडेत राणी राजाला “मोदकैः” (मा उदकैः) म्हणाली. तिला “पाणी उडवू नका” असे म्हणायचे होते, राजाने मोदक मागवले, राणी हसली आणि राजाला आपल्या अज्ञानाची लाज वाटली. संस्कृत व्याकरण शिकवायला सहा वर्षे लागतील असे गुणाढ्य म्हणाला, शर्ववर्म्याने सहा महिन्यांचा शब्द दिला, आणि शर्ववर्म्याने तो खरा करून दाखवल्यावर पैजेप्रमाणे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. पुढे अरण्यात त्याने पैशाची म्हणजे पिशाचांची मानल्या गेलेल्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून तो ते अग्नीत टाकू लागला. (दोन वाक्ये म्हटले होते, ती गोष्ट दोन वाक्यांत मावत नाही.)

मूळ गोष्टीत यापुढे एक लहानसा धागा आहे. राजा आजारी पडतो, वैद्य शुष्क मांसाला दोष देतात, आचारी पारध्यांकडे बोट दाखवतो आणि पारधी सांगतात की रानातले पशू चरणे सोडून कोणाची तरी कथा ऐकत बसले आहेत. १४ क्रमांकाच्या लेखकाने नेमका हा आचारी उचलला आहे. आपल्यावरचा ठपका दूर करण्यासाठी तो पारध्यांबरोबर रानात जातो, झाडाआडून फक्त आवाज ऐकतो आणि धुराचा वास घेतो. गुणाढ्य शेवटपर्यंत दिसत नाही, म्हणजे मागणी अक्षरशः पाळली आहे. तेथे आचाऱ्याच्या ध्यानात येते की राजाला हे सांगितले तर राजा धावत येईल आणि ग्रंथ जळण्यापासून वाचेल, पण कथा थांबली की हरणे पुन्हा चरू लागतील, धष्टपुष्ट होतील आणि त्याच्याच मुदपाकखान्यात येतील. तो तीन दिवस कोणाला काही सांगत नाही. शेवटी एक लाख श्लोक उरले हे आपल्याला मूळ कथेवरून माहीत असते. त्या तीन दिवसांत किती जळाले, याचा हिशेब आचारी पुढे जन्मभर मांस चिरताना करीत राहतो. मूळ गोष्ट मी अनेकदा वाचली आहे, परंतु ग्रंथ वाचणे आणि हरणे वाचणे यांत असा व्यवहार दडलेला आहे, हे मला कधी दिसले नव्हते.

उणीव सांगायची तर पहिल्या दोन पानांत पक्वान्नांची नावे फार आहेत. लेखकाने संदर्भ शोधले आहेत हे कळते, पण आचारी बोलतो आहे असे तेथे वाटत नाही. तेवढा भाग सोसावा.

जुना मोंढा, नांदेड

मी ९ क्रमांकाची शिफारस करतो, एका आक्षेपासह. मागणी अशी होती की शेरलॉक होम्स मेला असे जग समजत होते त्या १८९१ ते १८९४ या काळातील काहीही चालेल, मात्र तिबेट नको. मूळ कथेत होम्स परतल्यावर वॉटसनला सारे एका दमात सांगतो: सिगर्सन या नॉर्वेच्या माणसाच्या नावाने दोन वर्षे तिबेटमध्ये, मग पर्शिया, मक्का आणि खार्टूम. तिबेटाहून पर्शियाला जाताना तो कोठून गेला, हे तो सांगत नाही. लेखकाने त्या फटीतून त्याला निजामाच्या मुलखात, अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या डाक बंगल्यात आणून बसवले आहे. वॉटसन नसल्यामुळे निवेदन बंगल्याच्या चौकीदाराकडे आले आहे. “शिगरसन साहेब” कोण आहेत हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही आणि हे साहेब चिखलातील पावलांकडे इतका वेळ का पाहतात, याची त्याला काळजी वाटते. रहस्य अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकलांभोवती फिरते. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. हे दोन्ही खरे प्रसंग लेखकाने चौकीदाराच्या तोंडून एखाद्या शापासारखे सांगितले आहेत आणि होम्सने त्यातला शाप काढून टाकला आहे.

आक्षेप असा की १८९३ मध्ये सिगर्सन औरंगाबादच्या स्टेशनवर उतरतो. मनमाडहून औरंगाबादकडे येणारी मीटरगेज १९०० च्या सुमाराची आहे. त्या काळी अजिंठ्याला खानदेशातून, पाचोरा-जळगावकडून बैलगाडीने येणे सरळ होते, आणि सिगर्सनला बैलगाडीत बसवले असते तर कथेला एक चांगला प्रसंगही मिळाला असता. ज्या माणसाला रेल्वेची वेळापत्रके पाठ आहेत, त्याच्या कथेत ही चूक व्हायला नको होती.

११ क्रमांकाविषयी मी काही लिहिणार नाही. का, ते तुळशीच्या लग्नाला कळेल.

अंबानगरी, अंबाजोगाई

मी सुचवते ती २२ क्रमांकाची कथा ट्रीट आहे, म्हणजे नेमून दिलेली नसताना कोणीतरी आपणहून लिहिलेली जादा भेट. मागणी माझीच होती, त्यामुळे माझे मत पक्षपाती समजावे. हाल राजाच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहातील कोणतीही गाथा चालेल, फक्त विरह नको, असे मी लिहिले होते. ७०० गाथांमध्ये विरह पुष्कळ झाला आहे.

लेखकाने पाणपोईवरची ती प्रसिद्ध गाथा घेतली. वाटसरू ओंजळीची बोटे विरळ करून, वर पाहत पाणी पितो, म्हणजे पाणी गळत राहील आणि पाणी घालणारी समोर राहील. तिकडे तीही धार बारीक करते. ही दोघे लेखकाने २०१६ च्या एप्रिलात लातूरच्या एका गल्लीत टँकरजवळ उभी केली आहेत. मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे १२ एप्रिलला लातूरला पोहोचली, कथा त्याच्या दोन दिवस आधीची आहे. पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लागली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. अशा वेळी धार बारीक केली तर रांग अंगावर येईल आणि बोटे विरळ केली तर थेंब वाया जातील. म्हणजे ज्या युक्तीवर गाथा उभी आहे तीच येथे चालत नाही. मग लेखक काय करतो? तो मुलगा एक घागर भरून घेतो, दुसऱ्या कोणाच्या तरी पिंपात ओततो आणि पुन्हा रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो. पाईप धरलेली मुलगी दर वेळी त्याच्यावर खेकसते. निवेदन रांगेतल्या तिसऱ्या बाईचे आहे. तिला हे दोघे वेळ घालवतात याचा राग आहे आणि घरी गेल्यावर आपले पिंप काठोकाठ भरलेले पाहून ती बुचकळ्यात पडते. सारे ७०० शब्दांत. गाथांइतकेच शब्द योगायोगाने झाले की मोजून केले, हे मला लेखकाला विचारायचे आहे.

त्या उन्हाळ्यात मी लातूरला बहिणीकडे होते. भांड्यांचा तो आवाज कथेत जसाच्या तसा आला आहे.

किल्ले धारूर

मला १८ क्रमांकाची आवडली, परंतु तिला फॅन फिक्शन म्हणावे का, याविषयी शंका आहे. गंगाखेडच्या जनाबाईच्या गोवऱ्या एका बाईने चोरल्या, भांडण जुंपले, कबीर तेथे आले आणि ज्या गोवऱ्यांतून “विठ्ठल विठ्ठल” ऐकू येईल त्या माझ्या, असे जनाबाईने सांगितले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मागणी होती चोरणाऱ्या बाईच्या बाजूची, जनाबाईला उणेपणा न आणता. लेखकाने ती नीट पाळली आहे: पावसाची झड, ओले सरपण, घरात बाळंतीण, आणि शेवटी सगळे निघून गेल्यावर ही बाई आपल्या स्वतःच्या ढिगातील एक गोवरी उचलून कानाला लावते, तेथे कथा संपते. पण लोककथेला एक लेखक नसतो. मग आपण कोणाचे चाहते म्हणून लिहितो?

तगर, तेर

गोष्टीचे चाहते म्हणून लिहितो, असे मला वाटते. कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो तेव्हा तोही जुन्या प्रसंगात नवे संवाद घालतोच. मात्र कोणा एकाचे मागणीपत्र हातात घेऊन तो उभा राहत नाही. १८ क्रमांकाच्या कथेत ते मागणीपत्र ओळीओळीतून जाणवते, आणि मला वाटते कथा आपल्या संग्रहात असायला तेवढे पुरेसे आहे. या मुद्द्यावर स्वतंत्र चर्चा झाली तर बरे होईल. येथे शिफारशीच राहू द्याव्यात.

पूर्णा जंक्शन, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. १४ क्रमांकाची कथा दोन रात्रींत वाचली. पक्वान्नांच्या पानांविषयी मी सहमत नाही. आचारी घाबरला आहे आणि घाबरलेला माणूस आपल्या कामाच्या गोष्टी मोजत बसतो, असा मी तो भाग वाचला. ९ आणि २२ आज-उद्या वाचीन. जुना मोंढा यांनी ११ विषयी मौन पाळल्यामुळे ती आता सर्वांत आधी उघडली जाणार, हे त्यांना कळले असेलच.

१८ क्रमांकाची कथा काल रात्री आजीला वाचून दाखवली. तिचे माहेर गंगाखेडजवळचे, त्यामुळे मूळ प्रसंग तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता आणि दोन ठिकाणी तिने मला थांबवून दुरुस्त केले. शेवट झाल्यावर ती काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते कानाला लावणं समदं ठीक हाय, पर जनीच्या गवऱ्या तिनं वापस केल्या का न्हाई?”

मी कथा पुन्हा चाळून पाहिली. चोरलेल्या गोवऱ्यांचे पुढे काय झाले, हे लेखकाने कोठेही लिहिलेले नाही. आजीची शंका मी कथेखालील अभिप्रायात नोंदवली आहे. लेखकाने आपले नाव उघड न करता तिला उत्तर दिले तर ते नियमात बसते का, हे संयोजकांनी कृपया सांगावे. ती आज सकाळी दोनदा विचारून गेली.