प्रतिसाद: गप्प बसणं की उत्तर देणं?

‘टीका झाली की डेव्हलपरने तोंड बंद ठेवावं, नो मॅन्स स्काय बघा’ हे मत अर्धंच पटलं. २०१६ मध्ये या गेमवर टीका झाली तेव्हा तो बनवणारे हॅलो गेम्स गप्प बसले खरे, पण नोव्हेंबरात फाउंडेशन नावाचा अपडेट आला आणि पुढेही फुकट अपडेट येत राहिले. नुसत्या मौनाने काही साधलं नसतं.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१७ चा स्टार वॉर्स गेम, बॅटलफ्रंट २. डार्थ व्हेडर हे पात्र अनलॉक करायला ६०,००० क्रेडिट (गेममधलं चलन) लागायचे, त्यावरच्या टीकेला प्रकाशक ईएने रेडिटवर दिलेलं गुळमुळीत उत्तर सहा लाखांहून जास्त डाउनव्होट (नापसंतीची मतं) घेऊन बसलं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतरची गंमत मात्र विसरली जाते: किंमत ७५ टक्क्यांनी उतरवून १५,००० केली, पण कॅम्पेन (गेममधली कथा) संपवल्याचं बक्षीसही २०,००० वरून ५,००० वर आणलं. या बक्षिसाच्या क्रेडिटमधून अनलॉक होणारी कॅम्पेनची नायिका आयडन व्हर्सिओ तेवढ्याच प्रमाणात स्वस्त झाली होती, त्यामुळे हिशोब चुकीचा नव्हता. घोषणेत मात्र फक्त कपातीचा डांगोरा. बक्षिसाचं खेळाडूंनीच शोधून काढलं आणि आग पुन्हा भडकली. म्हणून पॅच नोट्समध्ये (अपडेटमधल्या बदलांच्या यादीत) बदललेला प्रत्येक आकडा जुना-नवा शेजारीशेजारी द्यावा, गैरसोयीचा तर आधी.