एचटीटी-४० आणि स्पिनचा गुंता

एचटीटी-४० हे हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांसाठीचं प्रशिक्षण विमान. त्याचं पहिलं उड्डाण ३१ मे २०१६ ला, मग ७० विमानांचा करार थेट मार्च २०२३ मध्ये का, असा प्रश्न पडतो. बराच वेळ स्पिनने खाल्ला. वेग पडला की पंख विमान तोलून धरत नाहीत, आणि त्यातच नाक एका बाजूला वळलं तर विमान गिरक्या घेत खाली येतं. शिकाऊ वैमानिकाला हे मुद्दाम करायला लावून त्यातून बाहेर पडायला शिकवतात. म्हणजे विमान स्पिनमध्ये जायलाही हवं आणि गिरकीच्या उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं) पायाने दाबून नियंत्रणाचा दांडा पुढे केला की निमूट बाहेरही यायला हवं. छोटं विमान म्हणून हे सोपं नसतं! विमान बनवणाऱ्या एचएएलला (हिंदुस्तान एरोनॉटिक्सला) शेपटीचा उभा भाग आणि रडर मागे सरकवावा लागला, मग कुठे सहा-सहा गिरक्यांच्या चाचण्या पार पडल्या.

'त्यापेक्षा आधीचं प्रशिक्षण विमान एचपीटी-३२ दीपकच सुधारायचं' असंही म्हटलं जातं, ते मात्र अजिबात पटलं नाही. दीपकचं पिस्टन इंजिन हवेत बंद पडायचं आणि इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) नव्हतीच. २००९ च्या अपघातानंतर ती विमानं बसली ती कायमची. एचटीटी-४० ला टर्बोप्रॉप (पंखा फिरवणारं टर्बाइन इंजिन) आहे, इजेक्शन सीटही.