जुना १९ इंची मॉनिटर नव्या लॅपटॉपला जोडायचाय, मधे काय लावू?

खटपट्या:
नमस्कार मंडळी, एक जुना १९ इंची मॉनिटर पडून आहे, चौकोनी वाला, १२८० बाय १०२४ पिक्सेलचा, अजून चांगला चालतो म्हणून टाकवत नाही. मागे दोन सॉकेट आहेत, एक निळं व्हीजीए आणि एक पांढरं, त्यावर डीव्हीआय-डी लिहिलंय. नव्या लॅपटॉपला एक एचडीएमआय आणि दोन टाइप-सी, बस. व्हीजीएची वायर आहे माझ्याकडे, तीच वापरता आली तर बरं.

रातकिडा:
एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर घे आणि मोकळा हो. फक्त दिशा बघ, व्हीजीए टू एचडीएमआय म्हणून अगदी तसाच दिसणारा डबा मिळतो, त्याचं काम बरोबर उलटं, तो इथे चालणार नाही. आणि दोन टोकांना दोन पिना पण मधे चिपच नाही अशी नुसती केबल तर घेऊच नको, एचडीएमआय डिजिटल, व्हीजीए अ‍ॅनालॉग, सिग्नल बदलणारं काहीतरी मधे लागतंच.

तिसरीघंटा:
अरे पण डीव्हीआय असताना व्हीजीएच्या नादी लागायचंच कशाला? साधी एचडीएमआय टू डीव्हीआय केबल घ्या. दोन्हीकडे डिजिटल, चित्राचा सिग्नल एकाच जातीचा, त्यामुळे मधे चिप नको, डबा नको. सिंगल लिंक, म्हणजे साधं डीव्हीआय १९२० बाय १२०० पर्यंत जातं, तुमचा मॉनिटर तर त्याच्या बराच खाली. आवाज मात्र मॉनिटरमधून येईल अशी आशा धरू नका, तो लॅपटॉपमधूनच ऐकायचा.

खटपट्या:
आणि टाइप-सी मधून काढलं तर? एचडीएमआय टीव्हीसाठी मोकळं ठेवायचं होतं.

तिसरीघंटा:
निघेल, पण त्या पोर्टमधून डिस्प्ले बाहेर येतो का ते आधी बघा. सगळे टाइप-सी दिसायला सारखेच, काही नुसते चार्जिंग आणि डेटाचे असतात. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टची खूण किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर काम होतं, खूण नसली तरी लगेच नाही म्हणू नका, मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघा.

खटपट्या:
एचडीएमआय टू डीव्हीआय केबल लावली, चित्र लगेच आलं!! पण अक्षरं जरा फुगलेली आणि धूसर दिसतायत, केबल खराब असेल का?

रातकिडा:
केबलचा काही दोष नाही, डिजिटलमध्ये केबल बिघडली तर ठिपके चमकतात नाहीतर स्क्रीन काळी होते, अक्षरं फुगत नाहीत. तू डुप्लिकेट मोडवर असशील, म्हणजे दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र. त्यात दोन्ही स्क्रीनला एकच रिझोल्यूशन लागतं आणि तुझा लॅपटॉप आडवा, मॉनिटर चौकोनी, मग मॉनिटरला जे मिळतं ते तो ताणून दाखवतो. विंडोज असेल तर विंडोज बटण आणि पी दाबून एक्स्टेंड निवड, म्हणजे मॉनिटर वेगळा स्क्रीन होतो, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये त्या मॉनिटरला १२८० बाय १०२४ दे. स्केलिंग, म्हणजे अक्षरं-आयकॉन किती मोठे दाखवायचे ते, पण १०० टक्के आहे ना बघ.

खटपट्या:
डुप्लिकेटच होतं. एक्स्टेंड केल्यावर अक्षरं एकदम स्वच्छ. फक्त माउस उलट्या बाजूने बाहेर पडतोय, मॉनिटर डावीकडे ठेवलाय ना.

तिसरीघंटा:
त्याच सेटिंगमध्ये १ आणि २ चे चौकोन आहेत, मॉनिटरचा चौकोन ओढून डावीकडे सोडा आणि अप्लाय करा.