मदत हवी आहे: बोलीशब्दांच्या गटात दोन सदस्यांचा वाद हाताबाहेर गेलाय, निवाडा कसा करायचा?

गिरणाथडी
नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे मिळून आम्ही ३१ जण अहिराणी आणि लेवा बोलीतले शब्द आवाजासह गोळा करतोय. सगळं विनामोबदला. शब्द एका सामायिक गूगल शीटमध्ये, बोलणं व्हॉट्सअॅप गटावर.

यावल-रावेरकडच्या शब्दांपुढे एक सदस्य 'अहिराणी' लिहितो, दुसरा खोडून 'लेवा' करतो. डोया (डोळा), काया (काळा) हे शब्द दोन्हीकडे चालतात, म्हणून भांडण मिटत नाही. 'आहे'साठी 'शे' लिहायचं की 'से' यावरही तेच. परवा एका रात्रीत एकच रकाना ११ वेळा बदलला गेला. मग एकाने दुसऱ्याचा फोन नंबर आणि नोकरीचं ठिकाण बाहेरच्या मोठ्या गटात टाकलं. रात्रभर त्याला फोन येत होते.

दोघेही कामाचे. निम्मे म्हणतात याला काढा, निम्मे म्हणतात त्याला. गटात मतदान घेऊ का?

पांझराकाठ
मतदान आत्ता अजिबात नको, भाऊ. ज्याच्या गावचे, नात्यातले लोक जास्त, तो जिंकेल आणि हरलेला आपली माणसं घेऊन निघून जाईल.

आधी आज रात्रीचं काम. व्हॉट्सअॅप गट 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवतील' यावर टाका. शीटमध्ये फाइल मेनूतून आवृत्ती इतिहास उघडा, आत्ताच्या आवृत्तीला तारखेचं नाव द्या, आणि डेटा मेनूतल्या 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस'मधून फक्त तो वादाचा रकाना बंद करा. पूर्ण शीट बंद केली तर बाकीच्या २९ जणांचं काम उगाच थांबेल. रकान्यात आत्ता जे आहे ते तसंच राहू द्या. तुम्ही त्यातलं एक निवडलंत की तुम्हीही एका बाजूचे झालात.

नंबर जिथे टाकला त्या गटाच्या अॅडमिनला तो मेसेज काढायला सांगा, पण आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. फोनवरून धमक्या आल्या असतील तर तो विषय तुमच्या गटाचा राहिलेला नाही. त्या भावाने पोलीस ठाण्यात किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार द्यावी. तुम्ही 'आपसात मिटवू' म्हणून त्याला अडवू नका.

सातपुडा४२
वरचं सगळं बरोबर. यात मुळात दोन वेगळे वाद आहेत आणि ते एकत्र बांधले म्हणूनच गाठ बसलीय. शब्दापुढे काय लिहायचं हा मजकुराचा वाद. ११ वेळा खोडणं आणि नंबर टाकणं हा वागणुकीचा.

इंग्रजी विकिपीडियावर २००४पासून लवाद समिती काम करते. ती फक्त वागणुकीवर निर्णय देते, लेखात काय लिहावं हे ठरवत नाही. त्यामुळे 'माझं म्हणणं खरं होतं' हा शिवीगाळीचा बचाव होऊ शकत नाही. तिथे २४ तासांत एकाच पानावर ३पेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले की नियमभंग, बदल बरोबर असला तरी. तुम्ही २ची मर्यादा ठेवा, शीट लहान आहे.

मजकुराचं सोपं आहे. 'बोली' हा एकच रकाना काढून तीन करा: गाव व तालुका, बोलणाऱ्याने स्वतः सांगितलेलं बोलीचं नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख. फैजपूरच्या आजी 'आमची लेवा' म्हणाल्या तर लेवा, साक्रीचे बाबा अहिराणी म्हणाले तर अहिराणी. डोया दोनदा येईल, येऊ द्या. 'शे' आणि 'से' जसं ऐकू येतं तसं लिहून एकमेकांना जोडा. ओपनस्ट्रीटमॅपवर नावांच्या वादात असंच बघतात, जागेवर लोक काय म्हणतात ते.

गिरणाथडी
तीन रकाने सगळ्यांना पटतील. पण वागणुकीचा निवाडा कोण करणार? आमच्याकडे प्रत्येकजण कुणाचा तरी मामा नाहीतर वर्गमित्र.

सातपुडा४२
तिघे नेमा, एक राखीव. दोघांनाही स्वतंत्रपणे ६ नावं द्या आणि प्रत्येकाला एकेक नाव कारण न देता खोडू द्या. उरलेल्यांतून तिघे आणि राखीव निवडा. नातं असेल, एका शाळेत नोकरी असेल, वादात आधीच बाजू घेतली असेल, तर त्याने स्वतःहून बाजूला व्हायचं. गटात पुरेसे मिळाले नाहीत तर एखाद्या दुसऱ्या भाषाप्रकल्पातला माणूस मागा. शीटच्या मूळ खात्याचा पासवर्ड या तिघांपैकी कुणाकडेही नको.

पुरावा ७ दिवसांत, प्रत्येकी ५०० शब्द आणि २० दुवे. ही मर्यादा ठेवली नाही तर जो जास्त लिहितो तो वाचणाऱ्यांना दमवून जिंकतो. प्रत्येक आरोपापुढे आवृत्ती इतिहासातली वेळ किंवा स्क्रीनशॉट हवा. नंबर, पत्ता असलेला पुरावा गटात न टाकता फक्त तिघांना पाठवायचा, मात्र ज्याच्यावर आरोप आहे त्याला त्याचा सारांश कळवून उत्तराला ३ दिवस द्यायचेच.

निर्णय तीन भागांत: गटाचा नियम काय, घडलं काय, उपाय काय. प्रत्येक वाक्यावर वेगळं मत घ्या. सगळ्यावर एकच मत घेतलं की 'घडलं' पटलेला माणूस 'उपाय' कडक वाटला म्हणून पूर्ण निर्णयच पाडतो.

शेतरस्ता
३१ जणांना एवढा पसारा कशाला? एखाद्या जाणत्या ताईला मधे बसवा, चहावर मिटेल.

पांझराकाठ
रकान्याच्या वादासाठी ताईच योग्य, मला मान्य. पण मध्यस्थी दोघांच्या इच्छेवर चालते. इंग्रजी विकिपीडियाची मध्यस्थी समिती २०१८मध्ये बंद झाली, ती क्वचितच वापरली जात होती. आणि ज्याचा नंबर फिरवला गेला त्याला 'या, समोरासमोर बसा' म्हणणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा ओझं टाकणं.

उपायही लगेच हकालपट्टीपर्यंत नेऊ नका. 'बोली' रकान्याला दोघांनीही ३ महिने हात लावायचा नाही. एकमेकांच्या नोंदी बदलायच्या नाहीत, एकमेकांना उद्देशून लिहायचं नाही. नंबर टाकणाऱ्याला वेगळा उपाय: गटातून ६ महिने बाहेर, नंतर अर्ज करता येईल. अपील राखीव सदस्य आणि आधी न बसलेल्या दोघांकडे, १५ दिवसांत. गटाबाहेर, लग्नकार्यात कुणी कुणाशी बोलावं हे समितीने ठरवायचं नाही. ते लिहूनच टाका, नाहीतर आपल्याकडे त्याचा लगेच बहिष्कार होतो.

गिरणाथडी
'घडलं काय'चा मसुदा असा केलाय, बघा: "सदस्य अ हा सुरुवातीपासून भांडखोर असून त्याने द्वेषापोटी ब याचा नंबर व्हायरल केला."

सातपुडा४२
दादा, 'भांडखोर' हा स्वभाव झाला आणि 'द्वेषापोटी' हे मनातलं. दोन्ही सिद्ध करता येत नाही आणि अपिलात पहिलं तेच पडेल. असं लिहा: "मंगळवारी रात्री ९.४० वाजता सदस्य अ याने सदस्य ब याचा फोन नंबर व नोकरीचं ठिकाण, ब याच्या परवानगीशिवाय, गटाबाहेर पाठवलं. स्क्रीनशॉट क्र. ४. अ याने हे मान्य केलं आहे." मान्य केलं नसेल तर शेवटचं वाक्य काढा. आणि ११ बदलांपैकी अ चे किती, ब चे किती, तेही आवृत्ती इतिहासातून मोजून लिहा. त्या रात्री ब यानेही मर्यादा ओलांडली असणार, आणि ते निर्णयात आलं नाही तर अ चे लोक तो मानणार नाहीत.