सीवीड मार्क्वेट्री: बारीक वेली तुटतात, फटी राहतात

प्रश्न (लाकूडवेल, सदाशिव पेठ):
उभ्या घड्याळाच्या दारासाठी सीवीड मार्क्वेट्रीचं (एका लाकडात दुसऱ्या लाकडाच्या समुद्रशेवाळासारख्या बारीक वेली बसवलेली नक्षी) १५० × ३०० मिमीचं पॅनेल करतो आहे. जमीन (नक्षीमागचं लाकूड) अक्रोडाची, वेली फिकट लाकडाच्या. दोन्ही व्हेनियर (लाकडाचे पातळ पापुद्रे) ०.५ मिमी जाडीचे, एकावर एक ठेवून कडेने टेप लावतो आणि सोनारी करवतीने २/० पात्याने कापतो. १ मिमी रुंदीचे देठ कापतानाच तुटतात. जे वाचतात, ते जमिनीत बसवल्यावर भोवती फट दिसते. घासल्यावर फिकट लाकूड मळकट होतं ते वेगळंच. लेझरने कापून घ्यावं का? आणि ऐन पावसाळ्यात चिकटवावं की थांबावं?

उत्तर (शिसवी):
मूळ अडचण जाडीची आहे. इंग्लंडमध्ये १६९० ते १७१० च्या सुमारास हे काम ऐन भरात होतं. राजघराण्यासाठी फर्निचर करणारा गेरिट येन्सन याच काळातला. तेव्हाचं व्हेनियर करवतीने चिरलेलं, साधारण दीड-दोन मिमीचं असायचं. आजचं ०.५ मिमीचं व्हेनियर सुरीने सोललेलं असतं. सोलताना त्याच्या एका बाजूला सूक्ष्म चिरा पडतात आणि लाकडाच्या रेषांना आडवा जाणारा देठ त्याच चिरेवर तुटतो. १.२ ते १.५ मिमीचं चिरलेलं लाकूड घ्या, निम्मा त्रास तिथेच संपेल.

०.५ मिमीच वापरायचं असेल तर कापण्याआधी प्रत्येक व्हेनियरच्या दर्शनी बाजूला पातळ कागद सरसाने चिकटवा आणि सपाट फळ्यांखाली दाबून वाळवा. काम पूर्ण झाल्यावर तो कोमट पाण्याने ओला करून खरवडून निघतो.

नुसत्या कडेच्या टेपने थप्पी धरत नाही. वर-खाली ३ मिमीचा टाकाऊ प्लाय, मध्ये व्हेनियर, आणि नक्षीत न येणाऱ्या मोकळ्या जागांतून बारीक खिळे आरपार ठोकून मागून वळवून टाका. थर एकमेकांवर जराही सरकता कामा नयेत. नक्षीचा कागद वरच्या प्लायवर चिकटवा. मेण पात्याला लावा, व्हेनियरला अजिबात नको, नाहीतर पुढे तिथे सरस धरत नाही.

कापण्याचा क्रम आतून बाहेर: आधी आतले लहान तुकडे, मग मोठे, शेवटी बाहेरची रेघ. उलटं केलंत तर थप्पी पोकळ होते आणि उरलेले देठ थरथरून तुटतात. पातं २/० पेक्षा बारीक, ४/० घ्या (साधारण ०.२२ मिमी जाड), रविवार पेठेत सोनारी हत्यारांच्या दुकानात मिळतं. पातं आत घालायचं भोक ०.८ मिमीचं, तेही देठाच्या टोकाशी, मध्ये नाही. करवत सरळ उभी, फिरवायची ती थप्पी. अणकुचीदार टोकाला पोचलात की पुढे न ढकलता करवत वर-खाली चालू ठेवून जागेवरच थप्पी वळवा.

लाकडाच्या रेषांची दिशाही नक्षी ठरवतानाच बघा. लांब देठ जास्तीत जास्त रेषांच्या बाजूने जायला हवेत. वेल गोल फिरते तिथे देठ १.५ मिमी ठेवा आणि बारीकपणा टोकांसाठी राखा.

प्रतिसाद (लाकूडवेल):
फटीसाठी पातं तिरकं धरून कापावं असं वाचलं होतं. ते इथे चालेल?

उत्तर (कोनमापक):
हिशेब करून बघा. पात्याने पडणारी चीर भागिले व्हेनियरची जाडी म्हणजे फट बुजवणाऱ्या तिरक्या कोनाची साइन. २/० पात्याची चीर ०.२५ मिमी धरा, व्हेनियर ०.५ मिमी, म्हणजे ३० अंश. एवढ्या तिरक्या कापात देठाची कड सुरीसारखी पातळ होते आणि घासताना उडून जाते. १.५ मिमीला हाच कोन १० अंशांच्या आत येतो, तेव्हा शक्य आहे. पण तिरक्या कापातून एकच चित्र निघतं. सीवीडची नक्षी मध्यरेषेवर आरशातल्यासारखी असते. अक्रोडाचे दोन आणि फिकट लाकडाचे दोन थर एकत्र सरळ कापले की त्यातला एक संच उलटा करून दुसरी बाजू तयार होते, आणि गडद जमिनीची व फिकट जमिनीची अशी दोन्ही पॅनेलं मिळतात. हा फायदा सोडू नका.

फट सरळ कापातही राहणारच, ती भरायची असते. नक्षी कागदावर दर्शनी बाजू खाली करून जुळवा आणि मागून सरसात अक्रोडाचा चाळलेला भुसा मिसळून दाबा. गडद जमिनीत पाव मिमीची गडद रेघ दिसत नाही. मागून भरल्यामुळे दर्शनी बाजूला गडद सरसही फासला जात नाही.

लेझर नको. फिकट लाकडाची कड जळून तपकिरी होते, आणि १ मिमीच्या देठाला दोन्ही बाजूंनी ती रेघ आली की उरतं काय?

उत्तर (हेदूवाला):
फिकट लाकडाबद्दल. मूळ कामात हॉली किंवा बॉक्सवुड असायचं. आपल्याकडे पिवळसर, घट्ट रेषांसाठी हेद आणि जवळजवळ पांढऱ्यासाठी काळा कुडा. व्हेनियर म्हणून सहसा मिळत नाहीत. टिंबर मार्केटमध्ये ठोकळा शोधून बँडसॉवर २ मिमीचे काप काढून घ्या. कुड्याचे काप लगेच हवेशीर रचून वाळवा, ओल राहिली तर निळसर डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत.

मळकटपणा घासकामामुळे येतो: अक्रोडाचा भुसा फिकट लाकडाच्या छिद्रांत बसतो. घासकागदाऐवजी धारदार स्क्रेपर (खरवडायची पोलादी पट्टी) वापरा आणि शेवटचा हातच तेवढा ३२० नंबरच्या घासकागदाने, रेषांच्या दिशेने. जमिनीला अक्रोडाऐवजी शिसव घ्यायचा मोह टाळा. शिसवाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि लाखेचं पॉलिश बोळ्याने फिरवलं की वेली गुलाबी होतात. शिसवच हवं असेल तर पहिले दोन-तीन हात फवाऱ्याने, अगदी पातळ.

पावसाळ्यात चिकटवू नका. ८० टक्के आर्द्रतेत लाकडात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एप्रिलच्या कोरड्या दुपारी हवा ३० टक्क्यांवर आली की ते ६ कडे घसरतं. आता फुगलेलं लाकूड चिकटवलंत तर उन्हाळ्यात आक्रसून भरलेल्या फटी उघडतील. कापून, जुळवून, कागदावर सपाट दाबून ठेवा. दिवाळीनंतर लाकडातली ओल मोजायच्या मीटरवर १० टक्क्यांच्या आसपास आकडा आला की चिकटवा.

सरस एक भाग, थंड पाणी दोन भाग वजनाने, रात्रभर भिजवून पाण्याच्या भांड्यात ६० अंशांपर्यंत तापवा. ७० च्या वर गेला की ताकद जाते. व्हेनियर दाबून बसवायची हातोडी फिरवू नका, तुकडे सरकतात. १२ मिमी एमडीएफवर (दाबलेल्या लाकूडभुशाची फळी) सरस लावा, पॅनेल ठेवा, वर वर्तमानपत्र आणि ६० अंशांना तापवलेली ॲल्युमिनियमची पाटी, मग क्लॅम्प मधून कडेकडे आवळत जा. एमडीएफच्या मागेही तेवढ्याच जाडीचं साधं व्हेनियर त्याच बैठकीत चिकटवा, नाहीतर दार वाकेल आणि कुलूप लागणार नाही.