निर्यातीनंतर चित्रे का हरवतात
ऑर्ग-मोडमधील (इमॅक्स या संपादकातील टिपणे लिहिण्याच्या सोयीतील) टिपणे एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानांच्या रूपात, प्रकाशित केल्यावर टिपणांमधले दुवे चालतात, पण चित्रे दिसत नाहीत, असे का होते, हा प्रश्न आहे. निर्यातीत, म्हणजे या रूपांतरात, ‘.ऑर्ग’ फाइलकडे जाणारा दुवा आपोआप ‘.एचटीएमएल’ होतो, ‘../चित्रे/नकाशा.पीएनजी’ हा मार्ग मात्र जसाच्या तसा उतरतो, आणि ब्राउझर तो तयार पानाच्या जागेपासून मोजतो, मूळ टिपणाच्या जागेपासून नव्हे. म्हणून प्रकाशनाच्या सेटिंगमध्ये चित्रांसाठी ‘ऑर्ग-पब्लिश-अटॅचमेंट’ (फाइली न बदलता प्रकाशनाच्या फोल्डरात उतरवणारे फंक्शन) वापरणारा वेगळा विभाग ठेवावा आणि मूळ फोल्डरांची उतरंड तशीच राखावी. ‘/होम’पासून सुरू होणारा पूर्ण मार्ग तर कटाक्षाने टाळावा, कारण तो ‘फाइल:///’ होऊन आपल्याच संगणकावर उघडलेल्या पानात व्यवस्थित चालतो, त्यामुळे चूक आपल्या लक्षात येत नाही आणि वाचकाला मात्र रिकामी चौकट दिसते.